पाटी पाचची, मोटार साडेसातची
(मोटार-पंप विकणाऱ्या शेठना खुले पत्र)

शेठ,

तुम्ही मला ओळखता. मी वीज वितरण कंपनीत ऊर्जा कार्यक्षमता अभियंता आहे. शेतकऱ्याच्या विहिरीवर टाँग टेस्टर घेऊन जायचं, मोटार किती वीज ओढते ते पाहायचं, त्यातली किती पाणी वर आणायला लागते आणि किती नुसती उष्णता होऊन जाते याचा हिशोब मांडायचा, हे माझं काम. तुमच्या दुकानातून गेलेल्या मोटारी मी मोजल्या आहेत. पाटीवर ५ एचपी आणि टाँग टेस्टरवर १३ अँपिअर, तिन्ही फेजवर. पाच एचपीची सबमर्सिबल पूर्ण भाराला साधारण नऊ अँपिअर घेते. तेरा-चौदा अँपिअर घेते ती साडेसातची. व्होल्टेज कमी असेल म्हणून अँपिअर वाढला, असं तुम्ही म्हणणार हे मला ठाऊक होतं, म्हणून व्होल्टेजही मोजलं. ते ४१० होतं.

शेतकऱ्याला विचारलं तर तो खुशीत सांगतो, "शेठनी पाचच्या भावात साडेसातची दिली." तुम्ही त्याला नक्की काय दिलंत हे त्याला कोणीच सांगितलेलं नाही. ते मी सांगतो, आणि सगळ्यांसमोर सांगतो, कारण तुमचा माल एका विहिरीवर बसतो आणि त्याचा त्रास अख्ख्या शिवाराला होतो.

पाटी कारखान्यातूनच तशी येते, आमचा काय दोष, हे तुमचं ठरलेलं उत्तर. तुमच्या काउंटरमागे आकडे ठोकायचे पंच पडलेले मी पाहिले आहेत. गिऱ्हाईक विचारतं, "पाहिजे तेवढ्या एचपीची पाटी मिळेल का?" आणि तुम्ही हो म्हणता. मोटारीवरची पाटी म्हणजे तिच्याबद्दलची साक्ष असते. ती साक्ष तुम्ही गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे ठोकून देता.

आता त्या पाटीचं पुढे काय होतं ते ऐका. जोडणी मंजूर होते ती पाटीवरच्या एचपीवर. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, किती भार टाकायचा हे ठरतं त्याच आकड्यांच्या बेरजेवर. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लघुदाब बाजूला सुमारे १३३ अँपिअर देऊ शकतो. पाच एचपीचे चौदा पंप प्रत्येकी नऊ अँपिअर घेतात, म्हणजे १२६. कागदावर डीपी ठीक आहे. प्रत्यक्षात त्या चौदाही जणांकडे तुमची 'पाच'ची मोटार असेल तर भार होतो १८२ अँपिअर. वेटोळ्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. १३३ च्या जागी १८२ म्हणजे उष्णता जवळपास दुप्पट. आतल्या कागदी इन्सुलेशनचं तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मग एखाद्या जानेवारीत, गहू ओंबीत असताना आणि कांद्याला पाण्याची पाळी आलेली असताना, डीपी जळते. गावात बोभाटा होतो की लाइटवाल्यांनी भंगार डीपी बसवली. वर्गणी निघते, ट्रॅक्टर जोडला जातो, जळालेला ट्रान्सफॉर्मर उतरवून न्यायला माणसं गोळा होतात आणि दुसरा येईपर्यंत चौदा शेतं पाण्यावाचून राहतात. त्या दिवसांत तुमचं दुकान मात्र जोरात चालतं, कारण व्होल्टेज घसरल्याने दोन-तीन मोटारीही जळालेल्या असतात आणि वाइंडिंगची टेबलं तुमच्याच दुकानाच्या मागे आहेत. तुमचं गणित कधी चुकत नाही, शेठ. ते नेहमी दुसऱ्याच्या खिशातून सुटतं.

दुसरी वस्तू ऑटो स्विच. मोटारीबरोबर तुम्ही तो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवताच.

स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. ती तिथे का असते हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटावा आणि वीज आली तरी माणसाने हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार बंदच राहावी, यासाठी. तुमचा ऑटो स्विच त्या बटणाची जागा घेतो आणि वीज येताक्षणी मोटार सुरू करतो. एका विहिरीवर हे सोयीचं वाटतं. चौदा विहिरींवर एकाच क्षणी चौदा मोटारी सुरू होतात. या आकाराच्या मोटारी बहुधा थेट लाइनवर सुरू होतात, आणि त्या वेळी त्यांना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह लागतो. १३३ अँपिअरच्या डीपीकडे नऊशे-हजार अँपिअरची मागणी एकदम होते. व्होल्टेज कोसळतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणून व्होल्टेज ७० टक्क्यांवर आलं की जोर निम्माच उरतो. मोटारी गती धरत नाहीत, गुरगुरत राहतात आणि गती न धरल्यामुळे जास्तीचा प्रवाह ओढतच राहतात. फ्यूज जातो. गावातला कोणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार पिळतो. यानंतर जळायला डीपीच शिल्लक असते.

आणि हे झालं फक्त यंत्राचं. वीज गेली आहे म्हणून एखादा माणूस विहिरीत उतरतो, पाइपाचा जोड आवळतो, केबल हाताळतो. तेवढ्यात वीज येते. बटणाशी कोणी नाही, तरी मोटार सुरू होते. नो-व्होल्ट कॉइल याच माणसासाठी होती. तुम्ही ऑटो स्विच विकताना हे सांगता का? एकदाही सांगितलं आहे का?

शेतकरी ऑटो स्विच का घेतो, हे मला कळतं आणि त्यासाठी मी त्याला बोल लावत नाही. वर्षानुवर्षं त्याला रात्रीची वीज मिळाली. रात्री अडीचला बॅटरी घेऊन उसातून विहिरीवर जायचं. पायाखाली साप, आणि जुन्नरपासून अहिल्यानगरच्या ऊसपट्ट्यापर्यंत बिबट्याची भीती. वीज येणार कधी, टिकणार किती वेळ, याची खात्री नाही. हा दोष वीज देणाऱ्या व्यवस्थेचा आहे आणि तो मी त्याच व्यवस्थेत बसून मान्य करतो. पण या अडचणीवर बरा उपाय तुमच्याच मांडणीवर ठेवलेला आहे. वीज आल्यावर काही मिनिटं थांबून मोटार सुरू करणारा टायमर असलेले स्टार्टर मिळतात. मोबाइलवरून घरबसल्या मोटार चालू-बंद करणारे स्टार्टर मिळतात. चौदा शेतकऱ्यांचे टायमर दोन-दोन मिनिटांच्या अंतराने लावून दिले तर अर्ध्या तासाच्या आत सगळ्या मोटारी सुरू होतात आणि डीपीला धक्काही बसत नाही. हे लावून द्यायला एक दुपार पुरते. पण त्यात तुम्हाला वाइंडिंगचं गिऱ्हाईक मिळत नाही.

तिसरी गोष्ट कंडेन्सर. या बाबतीत मला तुमचा सर्वांत जास्त राग येतो.

मोटारीला चुंबकीय क्षेत्र उभं करायला जो प्रवाह लागतो, तो प्रत्यक्ष काम करत नाही, पण तारेतून मात्र येतो-जातो आणि तार तापवतो. कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, तो प्रवाह मोटारीजवळच पुरवतो. ३ एचपीला १ केव्हीएआर, ५ एचपीला २, साडेसातला ३, हे कोष्टक आमच्या प्रत्येक पत्रकावर छापलेलं असतं. पॉवर फॅक्टर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेचं प्रमाण, ०.७ वरून ०.९५ वर आला की तारेतला प्रवाह सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो आणि लाइनमधली गळती जवळपास निम्मी होते. लाइनच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला व्होल्टेज मिळतं. त्याच डीपीवर, त्याच तारेवर. मोटारीच्या किमतीच्या तुलनेत कपॅसिटरची किंमत किरकोळ असते. शेतकऱ्याने मागितला तर तुम्ही म्हणता, "कशाला? त्याने मोटार जळते."

हेच तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाला कंडेन्सरची मोठी पेटी विकता, थ्री फेज गेल्यावर उरलेल्या पुरवठ्यावर तीन फेजची मोटार ओढायला. वाड्या-वस्त्यांवरच्या दिव्यांसाठी ठेवलेली ती वीज. तिच्यावर मोटार ओढली की एका फेजवर सगळा भार येतो, घरांतलं व्होल्टेज पडतं, पोरांच्या अभ्यासाच्या वेळी दिवा मिणमिणतो आणि मोटारीचं वाइंडिंग असमतोल प्रवाहाने भाजून निघतं. लाइन सुधारणारा कंडेन्सर तुम्ही वाईट ठरवलात आणि लाइन बिघडवणारा कंडेन्सर खपवलात. अज्ञानाने हे होत नाही. अज्ञान असतं तर चूक कधीतरी दुसऱ्या बाजूलाही झाली असती.

आता पाण्याकडे येतो, कारण शेवटी शेतकऱ्याला वीज नको असते, पाणी हवं असतं.

पंप देताना विचारायचे प्रश्न चारच: मे महिन्यात विहिरीत पाणी किती खाली जातं, पाइप किती लांब आहे, तो किती व्यासाचा आहे आणि शेताला तासाला किती पाणी हवं. तुम्ही यातला एकही विचारत नाही. तुम्ही विचारता, "कितीची देऊ?" आणि मग सांगता की मोठी घेतलेली बरी. वीस मीटरच्या विहिरीवर चाळीस मीटरच्या उंचीचा पंप बसला की तो आपल्या नेमक्या बिंदूवरून घसरतो, कमी कार्यक्षमतेने चालतो आणि मोटारीवर जादा भार टाकतो.

एक हिशोब करून दाखवतो. एकूण उंची, पाइपातल्या घर्षणासकट, २५ मीटर. सेकंदाला ८ लीटर पाणी. हे पाणी वर आणायला निसर्गनियमाने लागतात सुमारे २ किलोवॅट. पंप आणि मोटार मिळून ५० टक्के कार्यक्षम असतील तर लाइनवरून ४ किलोवॅट घ्यावे लागतात आणि पाच एचपीची खरी मोटार हे काम आरामात करते. एकत्रित कार्यक्षमता २८ टक्के असेल तर तेवढ्याच पाण्याला ७ किलोवॅट. आमच्या शिवारात मोजलेले जुने पंप बरेचदा याच पातळीवर असतात. म्हणजे अशा पंपावर तुमची जादा शक्तीची 'पाच'ची मोटार पाणी जास्त देतच नाही. ती पाचचंच पाणी साडेसातची वीज खाऊन देते. वर्षाला १६०० तास पंप चालला तर हे वरचे ३ किलोवॅट म्हणजे ४८०० युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणारी चार घरं वर्षभर चालतील एवढी वीज एका विहिरीवर उष्णता होऊन जाते.

पाइपाचंही तेच. तेवढंच पाणी ६३ मिलिमीटरऐवजी ७५ मिलिमीटरच्या पाइपातून नेलं तर घर्षण निम्म्याहून खाली येतं. मोठ्या पाइपाचा फरक एकदाच द्यावा लागतो, घर्षण रोज द्यावं लागतं. हे तुम्ही सांगितलंत तर शेतकऱ्याला लहान मोटार पुरेल. म्हणून तुम्ही सांगत नाही. वाइंडिंगचं तर विचारूच नका. जुनं वाइंडिंग सुटावं म्हणून स्टेटर आगीवर भाजायचा, पत्र्यांमधलं इन्सुलेशन जाळायचं, मग हाताला येईल त्या जाडीची तार भरायची. अशी मोटार फिरते, पण पहिल्यासारखी कधीच चालत नाही.

तुमचा शेवटचा बचाव मला माहीत आहे, कारण तुम्ही तो माझ्या तोंडावर केला आहे. "साहेब, आता शेतीला लाइट फुकट आहे. तुमचं युनिट वाचलं काय, गेलं काय, शेतकऱ्याला काय फरक पडतो?"

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतं. सरकार भरतं म्हणजे राज्यातला प्रत्येक माणूस भरतो, साबण विकत घेणारी शेतमजूर बाईसुद्धा. पण तो मुद्दा बाजूला ठेवतो. तुमच्या गिऱ्हाइकापुरतंच बोलतो. बिल माफ झालं, डीपीची क्षमता माफ झाली नाही. तारेची जाडी माफ झाली नाही. फीडरवर मिळणारे तास तेवढेच आहेत, आणि त्या तासांत व्होल्टेज पडलं तर पंप कमी पाणी देतो. शेतकरी बिलाऐवजी जळालेल्या मोटारीत, बुडालेल्या पाळीत आणि करपलेल्या पिकात पैसे भरतो. ते पैसे कोणतंही सरकार माफ करत नाही आणि त्यातला मोठा वाटा तुमच्या गल्ल्यात येतो.

साडेसातची मर्यादा आली तशी तुम्हाला नवी वाटही सापडली: दहाच्या मोटारीवर साडेसातची पाटी. यात सवलत तर लाटली जातेच, पण नुकसान आणखी लांब जातं. सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरला दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्प उभे राहत आहेत. किती मेगावॅटचा प्रकल्प हवा, हे फीडरवरच्या पंपांचा भार पाहून ठरवावं लागतं. मीटर नसलेल्या पंपांचा वापरही एचपीवरूनच धरला जातो. प्रत्येक खोटी पाटी या हिशोबात शिरते. ज्या दिवसाच्या विजेसाठी शेतकऱ्याने इतकी वर्षं वाट पाहिली, तीच तुमच्या पाट्यांमुळे अपुरी पडेल.

राज्याच्याच सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्यापुढे साडेसात एचपीचा पंप देतात. तुमच्या वहीत दोन एकरवाल्याला साडेसात आणि दहा एचपी विकल्याच्या नोंदी आहेत. त्याच्या विहिरीला तेवढं पाणी तरी आहे का? तासाभरात विहीर उपसली जाते, मोटार कोरडी फिरते, जळते आणि परत तुमच्याकडे येते.

हे बदलता येत नाही असं समजू नका. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने देशातला शेतीपंपांचा पहिला पथदर्शी प्रकल्प आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढा-पंढरपूर भागात घेतला. पाच फीडरवरचे दोन हजारांहून जास्त जुने पंप बदलून स्टार मानांकित पंप बसवायचे, असं ते काम होतं. एका पंपाच्या सुधारणेने डीपीला फरक पडत नाही, अख्ख्या फीडरची सुधारणा लागते, हे त्यामागचं सूत्र. ते सूत्र मला पटतं. आणि म्हणूनच मला तुमचा राग येतो, कारण एका फीडरवरचे बहुतेक पंप ज्या एका माणसाच्या हातून जातात तो माणूस तुम्ही आहात. सरकारी योजनेला गावात जायला वर्षं लागतात. तुमच्या शब्दावर शेतकरी उद्या सकाळी पंप बदलतो. एवढा विश्वास माझ्या वाट्याला आला असता तर मी तालुक्यातल्या सगळ्या डीपी वाचवल्या असत्या. तुम्ही त्या विश्वासावर पाट्या ठोकल्या.

तुमच्याकडे माझी मागणी साधी आहे. ते पंच भंगारात घाला. पंप विकताना ते चार प्रश्न विचारा. प्रत्येक मोटारीसोबत योग्य मापाचा कपॅसिटर द्या. टायमर नसलेला ऑटो स्विच विकणं बंद करा आणि पूर्वी विकलेले काढून आणायला तुमचा माणूस पाठवा. पक्क्या बिलावर मोटारीचा खरा एचपी लिहा. तुम्ही हे केलंत तर मी स्वतः प्रत्येक गावात तुमच्या दुकानाचं नाव घेऊन सांगेन की पंप इथूनच घ्या. केलं नाहीत तर तुमच्या पाट्यांचे फोटो आणि त्यासोबतची टाँग टेस्टरची मापं मी भारतीय मानक ब्युरोकडे पाठवणार आहे. हा शब्द पक्का समजा.

आणि शेतकरी बांधवांनो, हे पत्र तुम्हीही वाचता आहात म्हणून तुम्हाला थेट सांगतो. नवीन मोटार घेताना पक्कं बिल घ्या. सबमर्सिबलवर आयएस ८०३४, विहिरीतल्या ओपनवेल सबमर्सिबलवर आयएस १४२२० आणि मोनोब्लॉकवर आयएस ९०७९ हा क्रमांक, आयएसआयचं चिन्ह आणि त्याखालचा सीएम/एल परवाना क्रमांक पाहा. तो क्रमांक मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा ते दुकानात उभ्या उभ्या कळतं. मोटार बसवली की त्याच दिवशी वायरमनला किंवा आम्हाला बोलवा आणि तिन्ही फेजचा अँपिअर मोजून बिलाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. पाचच्या पाटीला तेरा अँपिअर आले तर मोटार परत करा. शेठनी घेतली नाही, तर बिल घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. मोजमापाचा कागद सही करून द्यायला मी येईन.

आपला,
वीज वितरण कंपनीतील एक ऊर्जा कार्यक्षमता अभियंता